लुटेशिया, मुक्काम पोस्ट चिखली

सातवीच्या वर्गात नकाशा टांगताना
मी सहज बोलून गेले,
पॅरिसचं जुनं नाव लुटेशिया.
जाणकारांतले काही म्हणतात, त्याचा अर्थ
चिखलाची जागा.

मागच्या बाकावरून आदिल तांबोळी:
"मंजे चिखलीच की, म्याडम!"
वर्ग खो खो हसला.
माझ्या चपलेला मात्र
सकाळचा गाळ तसाच होता,
आपल्या काळ्या रानातला, कणकेसारखा,
एक पाऊल उचललं की दुसरं मागणारा.

मग मी पुस्तक मिटलं आणि सांगत सुटले.
नदीच्या मधोमध बेट, भोवती दलदल,
लव्हाळ्यात बांधलेल्या होड्या,
तिथली माणसं त्या जागेला
आपल्या बोलीत काहीतरी म्हणायची.
रोमन आले. कुण्या कारकुनानं ऐकलं
आणि लॅटिनच्या साच्यात बसेल तसं लिहिलं.
त्यांच्याही भाषेत चिखलाला लुतुम,
म्हणून हात अडखळला नसेल.
आपल्या तलाठ्यानं तरी काय वेगळं केलं?
सातबाऱ्यावर अजून 'चीखली' आहे,
पहिली वेलांटी दीर्घ,
कुण्या साहेबाच्या जिभेइतकी लांब.

काही म्हणतात, चिखल नाही, उंदीर.
"मंग उंदरगाव," आदिल म्हणाला,
आणि तास संपला.

पुढं काय झालं ते राहूनच गेलं:
तिथल्या लोकांना पारिसी म्हणत,
कढईवाले, असाही एक तर्क आहे.
हळूहळू चिखल गळाला,
माणसांचं नाव तेवढं राहिलं.
इकडं तगरचं तेर झालं, ते घासून घासून.
ठराव कुणी मांडला नव्हता.

आमच्याकडं मांडला.
सरपंच शिनगारे म्हणाले, पोरांची लग्नं जमंनात,
बायोडाट्यावर चिखली वाचून पोरी हसतात.
सुवर्णग्राम करू.
अक्षर चांगलं म्हणून कागद माझ्यापुढं सरकवला.
मी लिहिलं, 'सर्वानुमते',
आणि थांबले.

सोजरबाई कुंभारीण दाराशी बसली होती,
तळ्याच्या गाळाचे हात तसेच, कोपरापर्यंत.
संध्याकाळी मी तिला लुटेशिया सांगितलं.
ती म्हणाली, "तितं कुंभार हायत का?"
मला माहीत नव्हतं.
"असतील तर त्यायला ठावं असंल,"
आणि चाकाला काठी लावली.
काय ठावं असंल, ते काही बोलली नाही.

रात्री आईचा फोन आला.
"शेवंता, जेवलीस का?"
एकवीस वर्षं झाली,
ताटातल्या तांदळात अंगठीनं
'सुनयना' लिहिलं गेलं त्याला.
शिधापत्रिका सुनयना, हजेरीपट सुनयना,
पगार सुनयनाच्या खात्यात.
त्या तांदळाचं पुढं काय झालं
मी कधी विचारलं नाही.
शिजवले असतील.
शेवंता कुठंय, हे पॅरिसला विचारावं,
असं काहीबाही झोपेआधी डोक्यात आलं.
म्हणजे त्या बाईला, जी कधीकाळी
लुटेशियात पाणी भरायची,
आणि एक दिवस तिला सांगण्यात आलं
की तू आता दुसरीकडं राहतेस,
घागर तीच, घाट तोच.

ग्रामसभा तहकूब झाली. कोरम भरला नाही,
ढोकीला बाजार होता.
कागद माझ्याकडंच आहे,
'सर्वानुमते'च्या पुढं कोरा,
आणि कोपऱ्यावर मातीचा एक ठसा,
सोजरबाईचा की माझा, सांगता येत नाही.
एसटीच्या पाटीवर चिखली.
कंडक्टर 'चिकली' म्हणतो.

घटक चाचणीत प्रश्न टाकला होता:
फ्रान्सच्या राजधानीचे प्राचीन नाव लिहा.
आदिलनं लिहिलं, चिखली.
आणि कंसात, बारीक अक्षरात, (लॅटिनमधून).

लाल पेन बराच वेळ हवेत धरला.
अर्धा गुण दिला.
उरलेला अर्धा कुणी द्यायचा,
ते अजून ठरलेलं नाही.